भ्रमाचा दुधी भोपळा

मंडईत दुधी विकत घेणाऱ्या माणसाकडे जरा निरखून पाहावे. तो दुधी उचलतो, हातावर तोलतो, सालीवरची लव शाबूत आहे का ते बघतो आणि भाजीवालीची नजर चुकवून अंगठ्याचे नख हळूच सालीत रुतवतो. नख सहज गेले तर दुधी कोवळा. (आधीच्या पाच-सहा गिऱ्हाइकांची नखेही तिथे चंद्रकोरीसारखी उमटलेली असतात, त्यामुळे तो दुधी कोवळा आहे की नुसताच छळलेला, हे सांगणे कठीण.) पिशवीत तो आडवा मावत नाही, म्हणून उभा ठेवावा लागतो. त्याचे देठाकडचे डोके बाहेर राहते आणि घरी पोचेपर्यंत वाटेतल्या सगळ्यांना कळते, की या घरात प्रकृतीची काळजी घेतली जाते. बटाट्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. दोन किलो बटाटे तागडीतून थेट पिशवीच्या तळाशी जातात, तेही वरच्या टोमॅटोंचा चेंदामेंदा होऊ नये म्हणून. ‘आमच्याकडे आठवड्यातून तीनदा दुधी असतो’ हे वाक्य अभिमानाने म्हणता येते. ‘आमच्याकडे आठवड्यातून तीनदा बटाटा असतो’ हे मात्र कबुलीजबाबासारखे ऐकू येते. डॉक्टरांनी ‘खाण्यापिण्याकडे जरा लक्ष द्या’ एवढे मोघम म्हटले, तरी त्या संध्याकाळी घरातून हद्दपार होतो तो बटाटा आणि त्याच्या जागी दत्तक येतो तो दुधी.

या दत्तकविधानाची कागदपत्रे एकदा तपासायला हवीत. अमेरिकेच्या कृषी खात्याची पोषणकोष्टके जगभर वापरली जातात. त्यांत कच्च्या भाजीच्या 100 ग्रॅममागचे आकडे असे : दुधीत प्रथिने जेमतेम 0.6 ग्रॅम, बटाट्यात 2 ग्रॅम. ‘क’ जीवनसत्त्व दुधीत सुमारे 10 मिलिग्रॅम, बटाट्यात जवळजवळ 20. पोटॅशियम दुधीत 150 मिलिग्रॅम, बटाट्यात 420च्या आसपास. लोह दुधीत 0.2, बटाट्यात 0.8. बी-6 या जीवनसत्त्वाबद्दल दुधीची बाजू बोलतच नाही. कॅल्शियममध्ये दुधी पुढे आहे, 26 मिलिग्रॅम विरुद्ध 12. पण तेवढ्यासाठी कोणी दुधी खात असेल, तर चमचाभर तीळ चावून त्याला मोकळे होता येईल. दुधीने खरी बाजी मारली आहे ती पाण्यात. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 95 ग्रॅमहून अधिक पाणी असते. दुधात पाण्याचे प्रमाण 87 टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे ओतून प्यायच्या दुधापेक्षा चिरून खायचा दुधी जास्त पातळ आहे. एवढे पाणी घातलेले दूध गवळ्याने आणले असते, तर त्याला आपण जिन्यातूनच परत पाठवले असते. दुधीला मात्र आपण त्याच पाण्याबद्दल पौष्टिक म्हणतो आणि ‘अंगच्या पाण्यात शिजतो हो’ असे कौतुकही करतो. बरोबरच आहे, अंगात दुसरे काही असल्याशिवाय दुसऱ्या कशात शिजणार?

मग दुधीला पौष्टिकतेची पदवी दिली कोणी? माझ्या मते आपण पौष्टिकता कोष्टकात बघतच नाही, ताटाभोवतीच्या चेहऱ्यांवर बघतो. जी भाजी पानात पडताच मुले पाण्याचा तांब्या शोधू लागतात आणि घरचा कर्ता पुरुष ‘आज लोणचे नाही का?’ असे विचारतो, ती भाजी पौष्टिक. जिच्यासाठी कढईच्या तळाची खरवड काढताना दोन भावंडांची झटापट होते, ती अपायकारक. तप केल्यावाचून फळ मिळत नाही, ही आपली जुनी समजूत. तेव्हा ज्या अर्थी दुधी खाणे हे तप आहे, त्या अर्थी फळ मिळत असलेच पाहिजे, असे हे अनुमान आहे. यात एक अडचण अशी, की शरीराला तपाचा हिशेब कळत नाही. आतड्यांना एवढेच कळते, की काय आले आणि किती आले. कपाळाला आठ्या घालून खाल्ले म्हणून एका मिलिग्रॅमचे दोन होत नाहीत.

चवीखालोखाल संगतीचा मुद्दा आहे, आणि इथे तर अन्यायाची परिसीमा आहे. दुधीची नेहमीची भाजी बघा. तिच्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ असते, ओले खोबरे असते, वर कोथिंबीर असते. त्या वाटीतली बहुतेक प्रथिने डाळीची असतात. डाळीने रात्रभर भिजून, फुगून, शिजून सगळे काम केले, आणि भाजीचे नाव मात्र दुधीची भाजी. कोफ्ते करायचे तर दुधी किसतात, कीस मुठीत घट्ट पिळतात, म्हणजे त्याच्याकडे जे काही होते तेही मोरीत जाते, आणि उरलेला चोथा बेसनात कालवून तळतात. तरी ते ‘दुधीचेच आहेत, घे अजून एक’. हलव्याची तर गोष्टच वेगळी. दूध, खवा, साखर, तूप, वेलची आणि हिरवा रंग यांच्या त्या भरल्या सभेत दुधी केवळ साक्षीदार म्हणून हजर असतो. पण हलवा खाणाऱ्याच्या मनाला तो पापक्षालनाचे काम देतो. गाजर हलवा खाणारा निदान आपण गोड खातो आहोत हे जाणून असतो. दुधी हलवा खाणारा पथ्यावर असतो.

आता बटाट्याची संगत बघा. वडापाव हातात घ्या आणि थोडा वेळ भूक आवरून तो उलगडा. बाहेर मैद्याचा पाव. त्याला आतून लावलेली चटणी. मग तेल पिऊन टम्म झालेले बेसनाचे कवच. खाली कागदात सांडलेला तळकट चुरा. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, आले-लसूण-मिरचीच्या वाटणात, हळदीने पिवळा झालेला, मुळात नुसत्या पाण्यात उकडलेला बटाटा. या टोळीत मुळात तेल नसलेल्यांपैकी तो एक. पण पोट सुटले, की आरोप त्याच्यावर. ‘फार बटाटेवडे खातोस’ असे म्हणतात. ‘फार तेल पितोस’ असे कोणी म्हणत नाही. चारचौघांत पकडले गेल्यावर ज्याचे नाव सर्वांना ठाऊक असते त्याचेच चौकीत लिहिले जाते, तसे हे झाले. दुधी डाळीच्या पुण्याईवर जगतो आणि बटाटा तेलाच्या पापात मरतो.

दुधीचे वकील इथे उठून उभे राहतात, आणि त्यांचा पहिला मुद्दा वजनदार आहे. ते म्हणतात, वजनावर तुलना करणेच चूक, उष्मांकावर करा. 100 ग्रॅम दुधीत 14 कॅलरी, बटाट्यात 77. तेव्हा दोघांच्या 100-100 कॅलरी घ्या, म्हणजे दुधी सुमारे 700 ग्रॅम आणि बटाटा 130 ग्रॅम. आता दुधीचे ‘क’ जीवनसत्त्व 70 मिलिग्रॅमच्या पुढे जाते, बटाट्याचे 25वर अडते. पोटॅशियमही दुधीचे जवळपास दुप्पट भरते. हे गणित अगदी बरोबर आहे. पाटीवर त्यात एकही चूक सापडणार नाही. चूक सापडते ती पानात. माणूस कॅलरीने वाढून घेत नाही, वाटीने घेतो. 700 ग्रॅम दुधी म्हणजे एका माणसाने एका बैठकीत एक अख्खा दुधी संपवणे. भारताच्या इतिहासात असे कोणी केलेच नसेल असे मी म्हणणार नाही, पण केले असेल तर ते पोषणासाठी नसावे, पैज लावून असावे. ज्याला मुळात जेवण कमी करायचे आहे आणि पोटातली जागा मात्र भरायची आहे, त्याच्यासाठी दुधी उत्तम आहे हे मी बिनशर्त मान्य करतो. परंतु जागा भरणे आणि पोषण करणे ही दोन कामे आहेत. सभागृहात रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून आणून बसवलेल्या लोकांना आपण श्रोते म्हणत नाही.

दुसरा मुद्दा मधुमेहाचा, आणि इथे मस्करी आवरती घ्यायला हवी. उकडलेल्या बटाट्यातला स्टार्च झपाट्याने साखरेत उतरतो. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे हल्ली ज्याला बोलण्यात ‘जीआय’ म्हणतात तो, चढाच आहे. ज्याच्या रक्तात साखर आधीच ठाण मांडून बसली आहे, त्याने बटाटा मोजूनमापूनच खावा. मात्र याच न्यायाने त्याने भात, पोळी आणि ब्रेडही मोजायला हवा. बटाटा सोडला म्हणून फुशारकी मारायची आणि भाताची तिसरी मूद ‘ताकाबरोबर आहे’ म्हणून माफ करायची, याला पथ्य म्हणत नाहीत. उकडून गार केलेल्या बटाट्यातला काही स्टार्च सहजासहजी न पचणाऱ्या रूपात बदलतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. दुधीच्या जीआयबद्दल मात्र त्याच्या बाजूने फार बोलू नये. ही चाचणी करताना साधारणपणे 50 ग्रॅम पचणारी कर्बोदके पोटात जातील एवढा पदार्थ खायला देतात. दुधीच्या बाबतीत तो भरतो सुमारे पावणेदोन किलो. विज्ञानासाठी लोकांनी आजवर बरेच काही सोसले आहे, पण त्यालाही सीमा आहे.

तिसरा मुद्दा थेट हार्वर्डहून येतो. तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आखलेल्या आदर्श ताटात बटाट्याला भाजी म्हणून मोजतच नाहीत. 2011 साली तिथल्याच संशोधकांनी सव्वा लाखाच्या आसपास अमेरिकनांच्या खाण्याचा आणि वजनाचा अनेक वर्षांचा हिशेब मांडला. त्यात वजन वाढवणाऱ्यांच्या यादीत बटाटा वरच्या रांगेत बसलेला होता. इथवर वाचून पुष्कळांनी वर्तमानपत्र मिटले असावे. पुढे वाचले असते तर फोड दिसली असती : तळलेल्या फ्रेंच फ्राइजचा रोजचा एकेक वाढा ज्यांनी वाढवला, त्यांच्या वजनात चार वर्षांत सुमारे दीड किलोची भर; आणि तोच वाढा उकडलेल्या, भाजलेल्या वा कुस्करलेल्या बटाट्याचा असेल, तर पाव किलोच्या आसपास. बटाटा तोच, शेत तेच. मधला सव्वा किलो कोणाच्या नावावर टाकायचा, हे ज्याने कधी कढईतला घाणा काढलेला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

बटाटा माणसाला किती दिवस तगवू शकतो, याचे तर रीतसर प्रयोग झालेले आहेत. 1928 साली प्रसिद्ध झालेल्या एका पोलिश प्रयोगात एक पुरुष आणि एक स्त्री 167 दिवस जवळजवळ केवळ बटाट्यावर राहिले; जोडीला थोडी स्निग्धता, थोडी फळे, चहा-कॉफी. दोघांची प्रकृती उत्तम राहिली आणि या एकसुरी जेवणाचा त्यांना कंटाळाही आला नाही, अशी नोंद आहे. 2010 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या बटाटा मंडळाचे प्रमुख ख्रिस व्हॉइट यांनी 60 दिवस रोज 20 बटाटे खाल्ले. त्यांचे वजन साडेनऊ किलोंनी उतरले आणि कोलेस्टेरॉल 214वरून 147वर आले. साक्षीदार बटाटा मंडळाचा पगारदार होता, ही हरकत मला मान्य आहे. पण वजनकाटा मंडळाचा नोकर नव्हता. वजन का उतरले याचे उत्तर सिडनी विद्यापीठात 1995 साली मिळून गेले होते. तिथे 38 पदार्थ समान कॅलरीच्या मापात लोकांना खायला दिले आणि कोणत्या पदार्थाने पोट किती भरल्यासारखे वाटते ते नोंदवले. पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले आणि तो यादीत पहिला आला. फ्रेंच क्रोसाँ 47 गुणांवर नापास झाला. प्रत्येक पदार्थ 240 कॅलरीचा द्यायचा होता. दुधी त्या यादीत नव्हता. असता तर हिशेबाने पुन्हा तोच पावणेदोन किलोचा आकडा येतो.

आयर्लंडमधला गरीब शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बटाटा आणि ताक यांवर पिढ्यानपिढ्या जगला. 1841च्या शिरगणतीत तिथली वस्ती 80 लाखांच्या वर गेली होती. 1845 साली पिकावर करपा पडला आणि त्या देशाची वाताहत झाली. याचा ठपकाही कोणी कोणी बटाट्यावर ठेवतात. एकाच वाणावर सगळा देश टांगून ठेवण्यात शहाणपण नव्हते, हे खरे. पण ज्या भाजीच्या जाण्याने देश उपाशी मरतो, ती पौष्टिक नव्हती असे म्हणणे म्हणजे खांब काढल्यावर छत कोसळले तर खांबाला नावे ठेवण्यासारखे आहे. दुधीवर करपा पडून कुठल्या राज्यात दुष्काळ पडल्याचे ऐकिवात नाही. मुलांनी आनंद मात्र साजरा केला असता.

उरला दुधीचा शेवटचा आणि सर्वांत जुना आधार : तो थंड आहे, हलका आहे, आजाऱ्याला मानवतो. मला यात वाद घालायचाच नाही. ताप येऊन गेलेल्या माणसाला, उन्हाळ्यात काहीच नकोसे वाटणाऱ्या माणसाला दुधीची पातळ भाजी आणि मऊ भात यांसारखे दुसरे काही नाही. पण हलका म्हणजे काय हे समजून घ्यावे. रिकामी बॅग हलकी असते. प्रवासाला निघताना तो गुण आहे. पोचल्यावर उघडली, की नाही. शिवाय या हलकेपणाचा अतिरेक करून सकाळी अनशापोटी कच्च्या दुधीचा रस पिण्याची जी टूम निघाली, तिची परिणती गंभीर झाली. दुधीच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू विषद्रव्ये असतात. कडू रस डोळे मिटून पिणाऱ्यांना उलट्या, रक्तस्राव झाले, काही दगावलेही, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला तज्ज्ञ समिती बसवावी लागली. तिचा सल्ला 2012 साली छापून आला : आधी फोड चाखून बघा, कडू लागली तर फेकून द्या. म्हणजे दुधी चिरताना देठाकडची फोड जिभेवर ठेवणाऱ्या आज्या जे करत होत्या, तेच. कडू ते औषध, या म्हणीने एवढे नुकसान दुसरीकडे कुठे केले नसेल. बटाट्यालाही हिरवे डाग पडले किंवा मोड आले, की सोलानिन वाढते आणि तो भाग शिजवूनही निर्धोक होत नाही, हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर पक्षपाताचा आरोप येईल. (आणि जाता जाता हेही, की मेथीची एक जुडी या दोघांनाही बऱ्याच बाबतींत खाली बसवील. पण मेथीची बदनामी कोणी केलेली नाही, त्यामुळे तिला वकील लागत नाही.)

बटाट्याची अडचण अशी, की त्याला कुठल्याच दफ्तरात धड जागा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली काढलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांत दुधी ‘इतर भाज्यां’त मोडतो आणि बटाटा कंदमुळांत. हार्वर्डच्या ताटात तो भाजी नाही. एकादशीच्या ताटात तो धान्य नाही. पैकी एकादशीने निदान त्याला आत घेतले. पेरूच्या डोंगरातून निघालेला, पोर्तुगिजांकडून नावासकट आपल्याकडे आलेला हा परका, ज्या दिवशी इथला तांदूळ आणि इथली तूर दोन्ही वर्ज्य, त्या दिवशी देवघराशेजारी बसून खिचडीत मुरतो. साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, मिरचीही अमेरिकेची. विठोबाच्या नावाने केलेल्या त्या अख्ख्या फराळात देशी असे फार तर तूप. आणि दुधी? तो उपवासाला चालतो की नाही, यावर अजून घराघरांत दोन मते आहेत. शेकडो पिढ्यांच्या सहवासानंतरही ज्याला मुरलेल्या घरात संशयाने बघतात, त्याने बटाट्याशी तुलना ओढवून घेऊच नये.

तरीही दुधीचे आपल्यावर उपकार आहेतच, फक्त ते वाटीत शोधू नयेत. माणसाने लागवडीखाली आणलेल्या अगदी पहिल्या वनस्पतींत त्याची गणना होते, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची. आणि अभ्यासकांचा कल असा, की तो खाण्यापेक्षा वाळवून भांडी करण्यासाठी जास्त लावला गेला. पाणी भरायला, धान्य ठेवायला, नदी तरायला. मिरजेचा तंबोरा याच जातीच्या मोठ्या वाळलेल्या भोपळ्यावर उभा राहतो, आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन (इंग्रजी आद्याक्षरांत तेही ‘जीआय’च) मिळाले. म्हणजे दुधीच्या घराण्याला अखेर जीआय लाभला, पण त्यासाठी आतला गर आणि बिया काढून टाकाव्या लागल्या. आपल्या गोष्टीतल्या म्हातारीलाही हे ठाऊक होते. रानातल्या वाघाला तिने ‘लठ्ठ होऊन येते’ असा शब्द दिला होता आणि तो पाळण्यासाठी ती लेकीकडे तूप-रोटी खात राहिली. तिथे तिने भोपळ्याची भाजी मागितल्याचे एकाही आजीने कधी सांगितलेले नाही. भोपळा आला तो परतीच्या वाटेला, आणि त्यातही ती स्वतः बसली.